आधी बेडी, मग बैठक

हे वाचायला घेण्याआधी नीट बसून घ्या. खुर्चीवर, जमिनीवर, पलंगाला टेकून, जसे जमेल तसे. गुडघे कुरकुरत असतील तर मांडी घालण्याचा हट्ट नको. पाठीला उशी लागत असेल तर घ्या. आज वेदनेकडे पाहायचे आहे, आणि त्यासाठी जवळ असलेली वेदना पुरेशी आहे. नवी ओढवून घेण्याचे कारण नाही.

श्वास आहे तसा चालू द्या. या क्षणी कुठे दुखते आहे ते शोधा. मानेत, कमरेत, दाढेत, टाचेत. काहींना शोधावेच लागत नाही, पहाटेची जागच त्या दुखण्याने येते. काही म्हणतील, माझे दुखणे शरीरात नाही, ते एका माणसाच्या जाण्यात आहे, किंवा वर्षांपूर्वी ऐकलेल्या एका वाक्यात आहे. तरी त्यालाही शरीरात जागा असते: घशाखाली, छातीच्या मधोमध, पोटाच्या वरच्या बाजूला. ती जागा सापडली की तिच्याशेजारी थांबा. अजून काही करायचे नाही. तोवर जयपूरच्या एका रस्त्याने थोडे चालू या.

जुन्या शहरातून घाट दरवाजाने बाहेर पडले की आग्र्याकडे जाणारा रस्ता लागतो. मध्यवर्ती कारागृह तिथून जवळच आहे. तोच रस्ता पुढे घाट की गूणीच्या खिंडीतून सिसोदिया राणीच्या बागेकडे जातो, आणि तिथून गलताजीच्या डोंगराच्या बाजूला वळले की अरवलीच्या टेकड्यांत विपश्यनेचे केंद्र आहे, धम्मथली. मराठी माणसाला विपश्यना म्हटले की इगतपुरीची धम्मगिरी आठवते. पण वेदनेचा विचार करताना माझे मन इगतपुरीच्या आधी या रस्त्यावर येते, आणि ध्यानकेंद्रापाशी पोचण्याआधी कारागृहाच्या दारात थांबते.

१९७५ साली या कारागृहात सुमारे १२० बंद्यांसाठी विपश्यनेचे शिबिर झाले. भारतातल्या तुरुंगात झालेले असे ते पहिले शिबिर. राजस्थानचे तेव्हाचे गृहसचिव राम सिंह स्वतः साधक होते. जे आपल्याला मिळाले ते बंद्यांनाही मिळावे म्हणून त्यांनी विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोयंका यांना बोलावले. बैठकीच्या जागी माणसे आणली गेली तेव्हा त्यांतले काही, अट्टल म्हणून नोंदलेले, बेड्यांत होते. गोयंका गुरुजींनी ते पाहिले आणि त्या बेड्या काढायला सांगितले. साखळदंडात जखडलेल्या माणसाला समोर बसवून शिकवणे त्यांना मान्य नव्हते. अधिकाऱ्यांना धोका दिसत होता आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी बेड्या निघाल्या, बंदूकधारी पहारा राहिला आणि शिबिर सुरू झाले.

या प्रसंगापाशी थोडे रेंगाळा. बेड्या काढल्या नसत्या तरी गुरूला बोलण्यासारखे पुष्कळ होते. खरे बंधन मनाचे असते, लोखंडाचे काय, असे म्हणून पुढे जाता आले असते. अध्यात्माच्या नावाने आपण हे वाक्य किती वेळा ऐकले आहे. ते ऐकायला खोल वाटते, आणि बेडी घालणाऱ्याला फार सोयीचे असते. ज्याने आयुष्यभर मनाच्या बंधनाविषयी सांगितले त्या माणसाने त्या दिवशी आधी पायातल्या लोखंडाकडे पाहिले. तीन वर्षांनी, १९७८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा खटल्यात बंद्यांना सतत बेड्यांत ठेवण्यावर कडक मर्यादा घातल्या. न्यायालयाची वाट वेगळी होती, पण आधी लोखंड पाहायचे हे तिथेही आलेच.

आता तुमच्या दुखण्याकडे परत या. ते आहे तिथे आहे का? त्याला एकच प्रश्न विचारा: यातले लोखंड किती? म्हणजे काढता येण्यासारखे, दुसऱ्या कुणाच्या मदतीने उतरवता येण्यासारखे किती? दाखवायची राहिलेली दाढ असेल. महिनोन्‌महिने पुढे ढकललेली तपासणी असेल. कामाच्या जागी बसायची वाईट खुर्ची असेल. घरात हात उचलणारा माणूस असेल. उत्तर आले की त्याच्याशी वाद घालू नका, त्याची नोंद मनात ठेवा. उठल्यावर ते लागणार आहे.

हे मी मुद्दाम आधी घेते आहे. आपल्याकडे सोसण्याला फार मोठी प्रतिष्ठा आहे आणि ती बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येते. भोग आहेत, भोगूनच संपवायचे, असे म्हणत कंबर धरून चाळीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत. त्यांच्या धीराबद्दल मला अपार आदर आहे. पण त्या धीराचे कौतुक करणाऱ्या घराने त्यांना डॉक्टरकडे नेले असते तर मला अधिक बरे वाटले असते. आणि आजारी माणसाच्या उशाशी बसून गेल्या जन्मीच्या पापाचा हिशेब काढणे हा तर दुष्टपणा आहे, त्याला धर्माचे कितीही वेष्टन असो.

मग कर्माचा विचार टाकूनच द्यायचा का? याच जयपुरात अठराव्या शतकात एक माणूस होऊन गेला, ज्याने या प्रश्नाकडे फार स्वच्छ नजरेने पाहिले. पंडित टोडरमल. दिगंबर जैन परंपरेतले हे विद्वान ढूंढाडी बोलीत, म्हणजे आसपासच्या माणसांच्या भाषेत, गद्य लिहीत. त्यांचा ‘मोक्षमार्ग प्रकाशक’ अपुरा राहिला. राजाज्ञेने त्यांना हत्तीच्या पायाखाली दिले गेले असे परंपरा सांगते. त्या ग्रंथात त्यांनी गुरूला वैद्याच्या जागी बसवले आहे. वैद्य आधी रोगाचे निदान सांगतो, मग रोग्याच्या अवस्थेतून ते त्याला पटवून देतो, मग उपाय. दुःखाचेही तसेच करायचे.

त्यांचे निदान जैन कर्मविचारातून येते आणि त्यातला एक भेद मला आजही फार मोलाचा वाटतो. शरीराला होणारी पीडा, तहान, ताप, दुखापत, हे जैन दर्शन असातावेदनीय कर्माच्या उदयाशी जोडते. पण त्या पीडेत जीव जो कासावीस होतो, हे माझे असे का झाले, हे आत्ताच्या आत्ता जावे, म्हणून जो तळमळतो, तो भाग मोहनीय कर्माचा. टोडरमलांच्या मांडणीत दुःखाचे लक्षण आकुलता हे आहे, आणि आकुलतेच्या मुळाशी इच्छा आहे. वेदनीय वेगळे, मोहनीय वेगळे. दोन्ही एकाच वेळी येतात, एकमेकांत मिसळून येतात, म्हणून आपल्याला ती एकच गोष्ट वाटते.

तुम्ही कर्मसिद्धान्त मानत असा किंवा नसा, हा भेद अंगावर तपासून पाहता येतो. चला, पाहू या.

दुखऱ्या जागेकडे या. आधी नुसती संवेदना. ठणका आहे, की कळ आहे, की चमक? आग होते आहे, की ओढ लागली आहे? सलते आहे, की जड झाले आहे? घाईने शब्द चिकटवू नका. आधी जाणवू द्या, मग शब्द आला तर येऊ द्या. या जागेची कड कुठे आहे? कड स्पष्ट आहे की हळूहळू विरते आहे? ती खोल आहे की वरवर? तिच्या मधोमध आणि कडेला सारखेच दुखते का? दोन-चार श्वास एवढेच करा.

आता त्याच दुखण्याभोवती आणखी काय जमले आहे ते पाहा. जबडा आवळला आहे का? खांदे कानांकडे चढले आहेत का? दुखणे कमरेत आणि कपाळाला आठी, असे आहे का? आणि विचार कोणते आले? हे कधी थांबणार. उद्या वाढले तर. आईला असेच सुरू झाले होते. कुणाला काही पडले आहे का माझे. यांतला एकही विचार खोटा ठरवायचा नाही, हाकलायचा तर मुळीच नाही. फक्त एवढे पाहा की ठणका ठणक्याच्या जागी आहे आणि हे त्याच्याभोवती आले आहे. टोडरमल ज्याला आकुलता म्हणतात ती हीच. तिलाही शरीर आहे, तिचाही स्पर्श कळतो. जबडा सोडता आला तर सोडा. खांदे उतरले तर उतरू द्या. ठणका तितकाच राहिला असेल. राहू द्या.

इथे एक मोह होतो. जरा सैल वाटले की मन लगेच म्हणते, वा, म्हणजे अजून नीट पाहिले तर हे दुखणे जाईल. आणि पाहणे तिथेच बिघडते. आता आपण पाहत नसतो, दुखण्याशी सौदा करत असतो: मी तुझ्याकडे लक्ष देतो, तू निघून जा. ते निघून गेले नाही की आपण ध्यानावर चिडतो, स्वतःवर चिडतो.

गोयंकांना हे स्वतःच्या डोकेदुखीतून शिकावे लागले होते. मूळच्या राजस्थानी मारवाडी कुटुंबात १९२४ साली त्यांचा जन्म झाला तो ब्रह्मदेशात, मंडाले इथे. तरुण वयातच ते मोठे व्यापारी झाले आणि त्याच काळात त्यांना मायग्रेनने गाठले. झटका आला की मॉर्फीनचे इंजेक्शन घ्यावे लागे. त्या औषधाची सवय लागण्याची भीती, म्हणून परदेशांतले डॉक्टर झाले, उपयोग झाला नाही. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते आणि ध्यानाचे आचार्यही होते. डोकेदुखी घालवण्यासाठी ही विद्या मागणाऱ्याला त्यांनी आधी नकार दिला. ही साधना मन निर्मळ करण्यासाठी आहे, तिला डोकेदुखीच्या औषधाच्या किमतीला विकायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. गोयंकांनी ती अट मान्य केली तेव्हा त्यांना प्रवेश मिळाला. पुढे डोकेदुखी गेली. पण ती जावी म्हणून बसू नकोस, असे सांगितल्यावर गेली.

मला या गोष्टीचा शेवटचा भाग सांगताना नेहमी भीती वाटते. ऐकणारा तेवढाच घेऊन जातो: बसले की डोकेदुखी जाते. प्रत्येकाची जात नाही. संधिवात राहतो, मज्जातंतूंचे दुखणे राहते, कर्करोग असतो तिथे असतो. बरे होणे या शब्दाने आपण फार निरनिराळ्या गोष्टी बोलतो, आणि या मननात जे बरे होऊ शकते ते आकुलतेच्या बाजूचे आहे. वेदनीयाच्या बाजूला डॉक्टर हवा, औषध हवे, कधी शस्त्रक्रिया हवी, कधी गरम पाण्याची पिशवी हवी. त्या बाजूचे काम या बाजूवर ढकलणाऱ्या कुणाचेही ऐकू नका.

पुन्हा श्वासाकडे या. एक आत, एक बाहेर. दुखणे आत्ता कुठे आहे? मघाशी होते तिथेच का? तितकेच का?

जयपूरला वेदनेचा दुसरा एक धडा आहे आणि तो रुग्णालयाच्या कार्यशाळेत सापडतो. १९६८च्या सुमारास सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा, ज्यांना सगळे मास्टरजी म्हणत, यांच्या कामातून जयपूर फूट तयार झाले. तोवरचे परदेशी धर्तीचे कृत्रिम पाऊल बूट घालून खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी होते. इथल्या माणसाला अनवाणी चालायचे होते, शेतातल्या चिखलात उतरायचे होते, उकिडवे बसायचे होते, देवळात मांडी घालायची होती. रबर, लाकूड आणि भट्टी यांतून त्यांनी तसे वाकणारे पाऊल घडवले. पुढे १९७५ मध्ये, तुरुंगात शिबिर झाले त्याच वर्षी आणि महावीरांच्या निर्वाणाला २,५०० वर्षे झाल्याचे साजरे होत असताना, डी. आर. मेहता यांनी याच शहरात भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. ही पावले गरजूंना विनामूल्य मिळू लागली. मेहता सनदी अधिकारी होते. १९६९ मध्ये जैसलमेरकडे मोटार अपघातात त्यांचा पाय फार वाईट मोडला होता आणि तो वाचवायला दीर्घ उपचार लागले होते. त्या अंथरुणावर त्यांना प्रश्न पडला तो इतरांचा: मला हे सारे मिळाले, ज्याच्याजवळ काही नाही त्याचे काय होत असेल?

पण मी धडा म्हणते तो आणखी आतला आहे. पाय कापावा लागलेल्या कित्येकांना तो पाय पुढेही जाणवत राहतो. पोटरीत गोळा येतो, अंगठ्याला खाज सुटते, तळव्याची आग होते, आणि तिथे अंगठा नसतो, तळवा नसतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या जखमींवर उपचार करणाऱ्या सायलस वियर मिचेल यांनी या अनुभवाला भुताटकीच्या अवयवाचे नाव दिले, तेच वैद्यकात रूढ झाले. १९९०च्या दशकात व्ही. एस. रामचंद्रन यांनी साध्या आरशाचा उपाय सुचवला. शाबूत हाताचे प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसेल असा आरसा ठेवायचा. गेलेल्या हाताची मूठ वर्षानुवर्षे आवळलेली वाटणाऱ्या काहींना आरशात मूठ उघडताना दिसली आणि ती आवळ सुटली. सगळ्यांची सुटत नाही. पण काहींची सुटली.

यावर सावकाश विचार करा. अवयव नाही, आणि वेदना आहे. ती खोटी आहे का? ज्याला होते आहे त्याला विचारा. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केलेली आणि २०२० मध्ये सुधारलेली व्याख्या वेदनेला अनुभव म्हणते, संवेदनेचा आणि भावनेचा असा एकत्र अनुभव, आणि माणूस दुखते आहे म्हणतो तेव्हा त्या म्हणण्याचा आदर करावा असेही तिच्या टिपणात आहे. रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून ज्यांना घरी ‘तुझ्या मनाचे खेळ’ असे ऐकावे लागते त्यांनी हे जवळ ठेवावे.

आणि मग हळूच पुढचा प्रश्न येऊ द्या. वेदना अवयवात असती तर अवयवाबरोबर गेली असती. ती जाणिवेत घडते. ज्या जाणिवेत ती घडते आहे ती जाणीव स्वतः दुखते आहे का? डोळे मिटा आणि पाहा. ठणका जाणवतो आहे. ठणका जाणवतो आहे हे ज्याला कळते आहे, तिथे ठणका आहे का? उत्तर पुस्तकातून आणू नका. साक्षी, आत्मा, चित्त, हे शब्द आपल्या ओठांवर फार तयार असतात. बौद्ध म्हणेल, तिथेही कुणी मी सापडणार नाही. जैन म्हणेल, ज्ञायक जीव आहे. वेदान्ती आणखी वेगळे म्हणेल. हा वाद अडीच हजार वर्षे चालला आहे आणि चालू राहो. तुम्ही नुसते पाहा. काही क्षण का होईना, दुखण्यापेक्षा जागा मोठी आहे असे जाणवले तर तिथे टेका. नाही जाणवले तरी काही बिघडले नाही. दिवसभर दुखणाऱ्या माणसाला दुखण्याएवढेच जग उरते, तेव्हा असे काही जाणवणे सोपे नसते.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात हेच काम फार शिस्तीने होते. पहाटे चारला घंटा, मौन, पहिले साडेतीन दिवस फक्त नाकपुड्यांपाशी श्वास, मग डोक्यापासून पायांपर्यंत संवेदना पाहत जाणे. त्यानंतर दिवसातून तीन वेळा अधिष्ठानाची बैठक असते: एक तास, शक्यतो न हलता. विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला गुडघा पेटतो. आता हाड मोडणार, अशी खात्रीच वाटते. आणि पाहता पाहता तो एकसंध वाटणारा जाळ फुटतो. त्यात स्पंदने दिसतात, मध्ये रिकाम्या जागा दिसतात, तो सरकतो, ओसरतो, पुन्हा येतो. अनित्य हा शब्द ऐकून माहीत असणे आणि तो गुडघ्यात कळणे यात फार अंतर आहे. तास संपल्याची सूचना होते, माणूस पाय लांब करतो आणि दोन मिनिटांत गुडघ्याचे सगळे संपते. मग आत्ता मोडणार होते ते काय होते?

पण ही बैठक तिथे आचार्यांच्या देखरेखीखाली होते, आणि हे मनन म्हणजे विपश्यना नव्हे. ज्यांच्या अंगावर जुना मोठा आघात आहे, ज्यांना डोळे मिटले की तोच प्रसंग समोर येतो, ज्यांच्या मनाचा तोल सध्या नाजूक आहे, त्यांनी एकट्याने खोल उतरू नये. डोळे उघडे ठेवा. पायांखालची जमीन जाणवू द्या. समोरच्या भिंतीचा रंग पाहा. थांबावेसे वाटले तर थांबा. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे ही या वाटेवरचीच पायरी आहे.

शोकाविषयी वेगळे बोलायला हवे. माणूस गेल्याचे दुखणे वेदनीयात घालायचे की मोहनीयात? शास्त्र मोहनीय म्हणेल. मला ते इतक्या झटकन म्हणवत नाही. ज्याच्यावर प्रेम केले तो गेल्यावर रडू येते, त्यात तोडून टाकावे असे मला काही दिसत नाही. तुकोबांनी दुष्काळात अन्नावाचून गेलेली पत्नी पाहिली, मुलगा गेलेला पाहिला. त्यानंतरचा त्यांचा विठ्ठल त्या दुःखाला वळसा घालून आलेला नाही, त्यातूनच चालत आलेला आहे. तुमच्या छातीतली जागा शोकाची असेल तर तिच्यातली आकुलता वेगळी काढण्याच्या मागे लागू नका. हात छातीवर ठेवा. त्या माणसाचे नाव मनात घ्या. श्वास चालू आहे. एवढेच पुरे.

आता या दुखण्याच्या कडेवरून थोडे बाहेर पाहू. ज्या जागी तुम्हाला दुखते आहे त्याच जागी या घटकेला आणखी किती जणांना दुखत असेल? कंबर म्हटले तर ऊसतोडीच्या फडात वाकलेली बाई आहे, मालवाहू गाडी चालवणारा आहे, जयपुरातच जोहरी बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत दिवसभर मान वाकवून नगांना पैलू पाडणारा कारागीर आहे. शोक म्हटले तर घरटी कुणी ना कुणी आहे. त्यांची संख्या मोजून स्वतःचे दुखणे लहान ठरवायचे नाही. दुसऱ्याचे मोठे म्हणून तुझे काहीच नाही, हा युक्तिवाद मला कधी पटला नाही, आणि त्याने कुणाला आराम पडलेला मी पाहिला नाही. फक्त इतके कळू द्या की या जागी तुम्ही एकट्या किंवा एकटे नाही.

शिबिराच्या शेवटी मंगल मैत्री असते. दहा दिवस स्वतःच्या संवेदना पाहिल्यावर साधक इतरांचे भले चिंततो, आणि ते शेवटीच येते याला कारण आहे. स्वतःच्या वेदनेवर डोळे मिटून घेतलेला माणूस दुसऱ्याच्या वेदनेवरही मिटतो. ज्याने आपला गुडघा तासभर न चिडता पाहिला, त्याला रांगेत पुढे असलेल्या म्हाताऱ्याचे सावकाश चालणे वेगळे दिसते. आषाढात वारीच्या वाटेवर मुक्कामाच्या गावी अनोळखी वारकऱ्याचे फोड आलेले पाय मांडीवर घेऊन तेल चोळणारी माणसे आपण पाहिली आहेत. ती काही बोलत नाहीत, उपदेश करत नाहीत. बोटांना कळते कुठे दाबायचे.

मनात एक माणूस आणा, ज्याला दुखते आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. फार जवळचा नको वाटला तर शेजारचा, कामावरचा आणा. त्याचा चेहरा दिसू द्या. त्याची वेदना तुम्ही काढू शकत नाही. त्याच्यासाठी शब्द सुचत नसतील तर नकोत. एक श्वास त्याच्या बाजूने घ्या, एक सोडा. मग तोच प्रश्न, मघाचा: याच्या दुखण्यात लोखंड किती? आणि त्यातले मला उतरवता येण्यासारखे काही आहे का? दवाखान्यापर्यंत सोबत जाणे, औषध आणून देणे, रात्री एक तास उशाशी बसून घरच्यांना झोपू देणे, किंवा नुसते ‘दुखते आहे ना’ असे म्हणून त्याचे ऐकून घेणे.

आणखी एकदा स्वतःच्या दुखऱ्या जागेकडे या. काय बदलले असेल ते असेल, नसेल तर नसेल. तिला निरोपाची गरज नाही, ती बरोबरच येणार आहे. बोटे हलवा. मान सावकाश डावीकडे, सावकाश उजवीकडे. डोळे मिटले असतील तर उघडा, झटकन उठू नका.

मघाशी मनात नोंद केलेली गोष्ट आठवा. औषधाची वेळ झाली असेल तर आधी औषध घ्या. तपासणीची वेळ घ्यायची राहिली असेल तर आज फोन करा. घरात कुणी हात उचलत असेल तर ज्याच्यावर विश्वास आहे अशा एका माणसाला ते आज सांगा. आणि मनात आणलेल्या त्या माणसाला विचारा, संध्याकाळी येऊ का.